तात्यांची मूठ आणि माझं मॅग्नेशियम

गेटवरचा वॉचमन इंटरकॉमवरून वर कळवतो, "मॅडम, मासेवाली आलीये." वरून आवाज येतो, "सुरमई आहे का विचार." वाकडला हे झालंय, मोशीला झालंय, आणि एकदा तर आमच्या सांगवीतच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून झालंय. आधी मला राग यायचा. मग मी वॉचमनला सांगायला लागले की मासे त्यांच्याच घरात आहेत, मी फक्त पाणी बघायला आलेय. आता तेही सांगत नाही. रजिस्टरवर सही करते आणि लिफ्टचं बटण दाबते.

मी खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळते. लोकांच्या दिवाणखान्यात काचेत भरलेला छोटा समुद्र असतो. त्यात रंगीत मासे, आणि प्रवाळ. तो समुद्र आजारी पडला की मला फोन येतो. खरा समुद्र इथून घाट उतरून गेल्यावर कुठेतरी आहे, तिथे कोणीही पाणी तपासत नाही आणि सगळं छान चाललेलं असतं. पण पिंपरी-चिंचवडच्या बाराव्या मजल्यावर समुद्र ठेवायचा म्हटलं की त्याच्या मागे माझ्यासारखी एक बाई लागते.

त्याआधी मी भोसरीच्या एमआयडीसीत प्लेटिंगच्या एका कारखान्यात लॅबमध्ये होते. बाथमधलं, म्हणजे मुलामा द्यायच्या हौदातलं, पाणी काढायचं, त्यात थेंब थेंब रसायन सोडायचं, रंग पालटला की आकडा सांगायचा. आकडा चुकला तर चाकणला जाणाऱ्या मालावर फोड यायचे आणि बोलणी मला बसायची. कारखाना बंद पडला तेव्हा माझ्या हातात एकच कसब उरलं होतं, पाण्याकडे संशयाने बघायचं. तेच इथे कामाला आलं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की ते कसब मी घरीही वापरते, पण त्यांच्या बोलण्याकडे मी फार लक्ष देत नाही.

आता थोडं शास्त्र सांगते, घाबरू नका. प्रवाळ म्हणजे दगड नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. पाण्यातला चुना घेऊन तो आयुष्यभर स्वतःचं घर बांधत बसतो, आपल्या भागातल्या इतर सगळ्यांसारखाच. त्यासाठी पाण्यात दोन गोष्टी लागतात, कॅल्शियम आणि कार्बोनेट. अडचण एवढीच की हे दोघे एकमेकांना भेटले की लगेच चिकटतात, त्यांचा दगड होतो आणि तो पंपावर, हीटरवर, नको तिथे जाऊन बसतो. प्रवाळाच्या वाट्याला काही उरत नाही. मॅग्नेशियम या दोघांच्या मध्ये बसतं. साखरपुडा झालेल्या दोघांच्या मध्ये आत्याला बसवतात ना, तसं. आत्या स्वतः काही करत नाही, खारे दाणे खात बसलेली असते. पण ती उठली की दोघं चिकटलीच म्हणून समजा. टाकीतलं मॅग्नेशियम कमी झालं की तुम्ही वरून कितीही कॅल्शियम ओता, ते टिकत नाही.

हे मी गिऱ्हाइकांना नेहमी समजावते. चिंचवडला चाकणच्या एका मोटार कंपनीतले एक इंजिनिअर आहेत. त्यांना आत्या पटली नाही. त्यांना तक्त्यावर मॅग्नेशियमची रेघ सरळ हवी, वर नाही आणि खालीही नाही. मी म्हटलं, साहेब, पगाराची रेघ तुमच्या हातात नाही आणि समुद्राची पकडायला निघालात. ते हसले नाहीत. पण टाकी छान ठेवतात, त्याबद्दल तक्रार नाही.

मला खरं सांगायचंय ते चऱ्होलीच्या टाकीबद्दल.

चऱ्होलीचे बाळासाहेब जमिनीच्या व्यवहारातले. मूळचं घराणं शेतकऱ्याचं. गावात बिल्डिंगा आल्या तसे हे नांगर सोडून प्लॉटिंगमध्ये गेले. कोणा मित्राच्या फार्महाऊसवर त्यांनी अशी टाकी पाहिली आणि त्याच्यापेक्षा फूटभर लांब टाकी आपल्या बंगल्याच्या हॉलमध्ये बसवली. आमच्या भागात टाकीची लांबी अशीच ठरते. सुरुवातीला येईल त्या पाहुण्याला ते टाकीसमोर उभं करून माशांची नावं सांगायचे, बहुतेक चुकीची. मग नवी गाडी आली आणि पाहुण्यांना पोर्चमध्ये उभं करायला लागले.

टाकीसमोर उरले ते तात्या, म्हणजे बाळासाहेबांचे वडील. पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेली, अंगात बंडी, डोक्यावर टोपी, हात अजून राबणाऱ्या माणसाचे. त्यांच्या टोमॅटोच्या रानात आता बिल्डिंगा उभ्या होत्या. घरात सगळे त्यांना मायेने म्हणायचे, "तात्या, तुम्ही बसा." आयुष्यभर न बसलेल्या माणसाला दिवसभर बसवून ठेवायचं म्हणजे छळच की. मऊ सोफा सोडून ते प्लॅस्टिकची खुर्ची ओढून टाकीपुढे बसायचे आणि टाकीला वावर म्हणायचे.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "ताई, ही झाडं वाढत्यात का?"

"झाडं नाहीत तात्या, प्राणी आहेत."

"मंग चालत का न्हाईत?"

"तुम्ही तरी कुठे चालताय? मी आल्यापासून खुर्चीतच आहात."

ते असे काही हसले की त्यांची सून स्वाती स्वयंपाकघरातून बघायला आली. तिथून आमचं जमलं. मी दर आठवड्याला जायचे आणि तात्या मला आठवड्याची बातमी द्यायचे. निळा मासा पिवळ्याला खायला देत नाही, तो वळणाचा गडी न्हाई. कोपऱ्यातलं जांभळं रोप बोटभर वाढलंय. गोगलगायी, ज्या आम्ही काचेवरचं शेवाळ खायला सोडतो, त्या त्यांच्या लेखी जनावरं होती, आणि कोणतं जनावर कुठे चरतंय हे त्यांना पाठ होतं. खरं सांगते, माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत टाकी बघायचे ते एकटे तात्याच. बाकीचे टाकी दाखवायचे.

मग टाकी बिघडायला लागली. प्रवाळ फिके पडू लागले आणि पंपावर पांढरा थर धरू लागला. मी मोजलं. कॅल्शियम टिकत नव्हतं, मॅग्नेशियम पार खाली गेलं होतं. बाळासाहेबांनी टाकीत घालायच्या मिठाच्या गोण्या कोणाच्या तरी ओळखीतून उचलल्या होत्या, त्यातच ते कमी होतं. त्यात भर म्हणून खडकांवर पिसांसारखं हिरवं शेवाळ माजलं. हाताने उपटलं तरी आठवड्यात पुन्हा तेवढंच. तात्या खुर्चीतून म्हणायचे, "तण माजलंय, ताई. पिकाला वर येऊ देईना." मी म्हणायचे, माहीत आहे मला, तुम्ही बसा. मीसुद्धा.

मिठाच्या गोण्या मी बदलल्या आणि मॅग्नेशियम हळूहळू वाढवायला घेतलं. या कामात घाई चालत नाही. रोज थोडं, अगदी चमच्याने मोजून, प्रवाळाला कळलंही नाही पाहिजे. स्वातीला चमचा दाखवला, माप समजावलं. ती भरवशाची बाई. तिने सासऱ्यांकडे बघून मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझ्याशिवाय कोणी पाण्यात हात घालायचा नाही. तात्या, ऐकलं का?" तात्यांनी ऐकलं. सगळं ऐकलं. विशेषतः मॅग्नेशियम कमी आहे हे.

पुढच्या वेळी मोजलं तर आकडा मी ठरवला होता त्याच्या बराच वर. मी म्हटलं, चमचा ओसंडून भरला असेल. त्याच्या पुढच्या वेळी आणखी वर. स्वातीला मी उलटसुलट विचारून भंडावलं, ती बिचारी रडकुंडीला आली. टेस्ट किट खराब झालं म्हणावं तर नवं किटही तेच सांगत होतं. मी मिठावर संशय घेतला, चमच्यावर घेतला, टाकीतल्या वाळूवर घेतला. आणि गंमत बघा, इकडे आकडा चढत होता आणि तिकडे ते हिरवं शेवाळ, ज्याने माझा जीव नकोसा केला होता, पांढरं पडून गळायला लागलं होतं. मॅग्नेशियम फार वाढलं की त्या जातीचं शेवाळ मरतं, हे आमच्या धंद्यात माहीत असतं. पण तो उपाय जरा दांडगा असल्याने मी हात आखडता घेतला होता. टाकीत दुसरंच कोणी डॉक्टरकी करत होतं.

मी गुडघ्यावर बसून खडक बघत होते तेव्हा मागून आवाज आला, "तण गेलं का न्हाई, ताई?"

मी वळून बघितलं. शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलाचा चेहरा असतो तसा तात्यांचा चेहरा.

"तात्या, काय घातलंत तुम्ही?"

"म्या? आमाला हात लावायची बंदी हाय."

"तात्या."

"मूठभर. रोज न्हाई काय, एकाआड एक दिस."

"कशाची मूठ?"

"तूच म्हनलीस न्हवं, मॅग्नेशियम कमी हाय. अगं, त्ये तर आपल्या शेडात गोनीभर हाय की."

बंगल्यामागच्या शेडात ते मला घेऊन गेले. फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं, आणि अर्धी भरलेली खताची गोणी, वर ठळक अक्षरात मॅग्नेशियम सल्फेट. टोमॅटोची पानं पिवळी पडली आणि शिरा हिरव्या राहिल्या की हेच द्यायचं. राजगुरुनगरच्या खताच्या दुकानातून त्यांनी ती शेवटच्या हंगामाला आणली होती. तो हंगाम लागलाच नाही. प्रवाळ फिके पडले, ताई म्हणाली मॅग्नेशियम कमी, त्याला आणखी काय विचार करायचा? शेतकऱ्याने जे केलं असतं तेच त्यांनी केलं. सून स्वयंपाकघरात गेली की मूठ सोडायची आणि खुर्चीत येऊन बसायचं.

मला इतकं हसू आलं की मी त्या गोणीवरच बसले. चूक म्हणावी तर मीही देत होते ते त्याच घराण्यातलं मीठ, फक्त शुद्ध केलेलं आणि सोबत दुसरं एक मीठ जोडीला घेऊन. पण तात्यांचं माप वावराचं. वावरात चार मुठी जास्त पडल्या तर पाऊस धुऊन नेतो. टाकीला पाऊस नसतो, जे घातलं ते तिथेच राहतं. हे मी त्यांना समजावलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "म्हंजी जनावरं त्यापायीच उताणी पडत्यात?"

"कधीपासून पडतायत?"

"लई दिस झालं. रोज सकाळी चमच्याच्या दांड्यानं सुलटी करतोय. म्हनलं, दमली असतील."

यावर मात्र मला हसता आलं नाही. मॅग्नेशियम जास्त झालं की गोगलगायींचे स्नायू सैल पडतात, काच धरवत नाही. मूठ टाकून त्यांना पाडणारा आणि त्यांनाच उठवून उभं करणारा माणूस एकच होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मी म्हटलं, "तात्या, शेवाळ तुम्ही मारलंत हे मान्य. आता बाकीच्यांना जगू द्या." त्यांनी गोणीचं तोंड सुतळीने बांधलं आणि वर एक पाट ठेवला. मला दाखवायला, की बघ, बंद केली.

मी पाणी बदलून बदलून आकडा खाली आणत होते. पण तोवर बऱ्याच गोगलगायी गेल्या, दोन-चार प्रवाळ मेले, काच हिरवी झाली आणि हॉलमध्ये वास यायला लागला. स्वातीने उदबत्त्या लावल्या, मग उदबत्त्यांचा आणि टाकीचा मिळून एक नवाच वास तयार झाला. बाळासाहेबांनी मला विचारलं, "मॅडम, झालं काय नक्की?" मी म्हटलं, मीठ खराब निघालं. मुलापुढे बापाची मूठ उघडी करायला माझी जीभ वळेना. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टोपी नीट केली.

बाळासाहेब तसे वाईट नाहीत. बोलायला गोड, देवळाच्या कामाला हात पुढे. फक्त त्यांच्या डोक्यात सारखा एखादा प्रोजेक्ट असतो. या वेळी त्यांना हॉलमध्ये नव्या प्रोजेक्टचं मॉडेल ठेवायचं होतं, घरी येणाऱ्या पार्ट्यांना दाखवायला. जागा पाहिजे होती मोक्याची. मोक्याच्या जागी वास मारणारी टाकी होती. त्यांनी मला फोन केला, "मॅडम, बंदच करून टाकू. मॉडेल घेऊन टेम्पो येतोय, जाताना टाकी उचलून नेईल. मासे-बिसे तुम्हीच ठेवून घ्या."

मी म्हटलं, अजून थोडे दिवस द्या, टाकी सावरतेय. खरंच सावरत होती. आकडा जागेवर आला होता, उरलेल्या गोगलगायी पुन्हा काचेवर चढत होत्या. ते म्हणाले, "कशाला राव एवढा खटाटोप? बघतंय कोण ती?" बघतंय कोण, ते माझ्या ओठावर आलं होतं. पण टाकी त्यांची, घर त्यांचं, मी पाणी बघणारी बाई. तात्यांना सांगितलंय का, एवढंच विचारलं. "तात्यांना काय सांगायचं? मोठा टीव्ही घेतोय ना त्यांच्या खोलीत."

मी पिंप आणि बादल्या घेऊन गेले तेव्हा मॉडेल पोर्चमध्ये उतरवलेलं होतं. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या बिल्डिंगा, हिरव्या स्पंजची झाडं, त्याखाली बोटाएवढी माणसं. दोन हमाल दाराशी उभे. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवलेला. तात्या त्यांच्या खुर्चीत, टाकीपुढे, रोजच्यासारखे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. या माणसाच्या डोळ्यांदेखत मी त्याचं वावर रिकामं करायला आले होते आणि मला माझीच लाज वाटत होती.

मी बाह्या सरसावून जाळी पाण्यात घातली.

"ताई," तात्या म्हणाले, "हात भाईर काढ."

मी काढला. बाळासाहेब मोबाइलवर बोलत होते, ते थांबले. "काय झालं तात्या?"

"ताईचं मीठ चांगलं हुतं. टाकी म्या बिघडवली. शेडातलं खत घातलं."

"अहो तात्या, कशाला पण? तुम्हाला इथे काय कमी आहे? बसायचं, खायचं, टीव्ही बघायचा."

"तेच तर कराय लावलंयस." तात्या उठले नाहीत की आवाज चढवला नाही. "रान तुझ्या नावावर करताना तू कागद म्होरं केलास, म्या तू बोट ठेवलंस तिथं सही केली. तू काय इचारलं न्हाईस, म्याबी काय बोललो न्हाई. बापाचं लेकालाच जातं, त्यात काय. पर ही टाकी न्हाई देनार."

हमालांपैकी एकाने तंबाखू मळायची थांबवली. स्वाती दारात आली होती, तिच्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला. टाकीचा पंप तेवढा घरघरत होता. बाळासाहेबांचा फोन वाजला आणि त्यांनी तो कापला. इतकी वर्षं त्या घरात जातेय, त्यांनी फोन कापलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

ते बाहेर गेले. "मॉडेल ऑफिसला न्या," असं त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितल्याचं आत ऐकू आलं. टेम्पोवाल्याने काहीतरी कुरकुर केली. मग ते परत आले, बसायला जागा शोधली आणि शेवटी माझी एक बादली पालथी करून तिच्यावर बसले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस. बापलेक दोघे टाकीकडे तोंड करून. जांभळ्या प्रवाळामागून निळा मासा आला आणि पिवळ्याला हाकलून गेला. 

"तात्या," बाळासाहेब म्हणाले, "आणखी काय द्यायचं नव्हतं तुम्हाला?"

तात्या पाण्याकडे बघत राहिले.

"हीर," ते म्हणाले.

रानातली विहीर. तात्यांच्या वडिलांनी आणि त्यांनी मिळून खणलेली. पहिली बिल्डिंग उठली तेव्हा ती मुरूम टाकून बुजवली, आणि त्या दिवशी तात्यांना नातेवाइकांकडे जेवायला पाठवलं होतं. हे मला नंतर स्वातीने सांगितलं. तेव्हा मला फक्त बाळासाहेबांचा चेहरा दिसला. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली.

"ती कोपऱ्यात होती, तात्या," ते म्हणाले. "प्लॅनमध्ये बसत होती. बुजवली नसती तरी चाललं असतं."

"ठावं हाय," तात्या म्हणाले.